पित्ताची गोळी: पाहुणी की जन्माची सोबतीण?



गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी दोन पत्रे मी मुद्दाम बाजूला काढून ठेवली होती. दोन्हींचा विषय एकच, पित्ताची गोळी. पण दोघांची व्यथा अगदी उलट.

पहिले पत्र एका शेतकरी बंधूंचे आहे. वय शेहेचाळीस. ते लिहितात, "पाच वर्षांपूर्वी छातीत जळजळ होई म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली. महिनाभरात बरे वाटले. तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर एक गोळी घेतो. तीन वेळा बंद करून पाहिली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छातीत आगीचा डोंब उसळतो आणि पुन्हा मेडिकल दुकान गाठावे लागते. ही गोळी आता माझी जन्माची सोबतीण झाली का?"

दुसरे पत्र एका सूनबाईंचे. त्या लिहितात, "पित्ताच्या गोळीने मूत्रपिंड खराब होते, हाडे ठिसूळ होतात असे मोबाईलवर वाचले. मामंजींच्या औषधांत ती गोळी होती. त्यांच्या भल्यासाठी म्हणून मी ती बंद केली. हृदयाच्या गोळ्या मात्र न चुकता दिल्या. महिन्याभराने त्यांना डांबरासारखी काळी शौचास झाली, चक्कर येऊन पडले. दवाखान्यात रक्त चढवावे लागले. आता ते बरे आहेत, पण माझ्या मनाला टोचणी लागली आहे."

एका घरी बहुधा नको असलेली गोळी पाच वर्षे चालू राहिली; दुसऱ्या घरी हवी असलेली गोळी सुटली. दोन्ही घरांत उणीव एकच होती. ही गोळी नेमकी कशासाठी दिली आहे आणि किती दिवस घ्यावयाची आहे, हे कोणालाही ठाऊक नव्हते. म्हणून आज या गोळीचा जमाखर्च मांडू या.

जठरातला जागल्या

आपण ज्याला बोलीत पित्त म्हणतो ते बहुतेक वेळा जठरातले आम्ल असते. खरे पित्त यकृतात तयार होते, ते निराळे. जठरातले आम्ल हे काही शत्रू नव्हे. गावाच्या वेशीवर पूर्वी जागल्या असे, तसे ते आपल्या पोटाच्या वेशीवर उभे असते. अन्नपाण्याबरोबर आलेले पुष्कळ रोगजंतू ते तिथेच मारते. डाळ, दूध, अंडी, मटण यांतली प्रथिने पचवण्यास ते मदत करते. अन्नातले लोह आणि बी-बारा जीवनसत्त्व मोकळे होऊन अंगी लागण्यासही त्याची गरज असते.

हे आम्ल जठरात असते तोवर ठीक. ते वर अन्ननलिकेत आले की जळजळ होते, आंबट पाणी घशाशी येते. जठराच्या किंवा लहान आतड्याच्या अस्तराला जखम झाली तर त्या जखमेवर आम्ल पडून ती चिघळते. तिलाच आपण अल्सर म्हणतो.

यावरची औषधे तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार म्हणजे पातळ औषध किंवा चघळायची गोळी. ती तयार आम्ल मारते. गुण लवकर येतो आणि लवकर सरतो. दुसरा फॅमोटिडीनसारख्या गोळ्यांचा. त्या आम्ल तयार होणे काही तास कमी करतात. तिसरे कूळ ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल यांचे. आम्ल बाहेर टाकणारा पेशींतला पंपच ही औषधे बंद करतात. तिन्हींत हे कूळ सर्वांत जोरकस आहे आणि आज घरोघर जी गोळी दिसते ती बहुधा याच कुळातली असते.

जमेची बाजू

ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वीचा काळ पाहिला आहे त्यांना अल्सरची मोठमोठी ऑपरेशने आठवत असतील. पोट फुटून किंवा रक्ताची उलटी होऊन धडधाकट माणसे जात. १९७६ साली सिमेटिडीन हे औषध आले. त्यामागचे शास्त्रज्ञ सर जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच साली ओमेप्राझोल बाजारात आले. या औषधांमुळे पुष्कळांचे पोट चाकूपासून वाचले.

पुढे आणखी एक गोष्ट उघड झाली. अल्सर केवळ तिखटाने आणि काळजीने होतो असा समज होता. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिले की पुष्कळ अल्सरांच्या मुळाशी एक जंतू असतो. १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली! दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूसाठी प्रतिजैविके आणि पित्ताची गोळी मिळून सुमारे दोन आठवड्यांचा उपचार असतो. ज्याच्या पोटात हा जंतू आहे त्याने नुसती पित्ताची गोळी वर्षानुवर्षे घेणे म्हणजे तण न उपटता शेंडे खुडत बसणे होय.

तेव्हा अल्सर भरून येण्यासाठी, अन्ननलिका आम्लाने सोलवटली असेल तर त्यासाठी, ही गोळी गुणाची आहे. बहुतेकांस चार ते आठ आठवडे पुरतात. काहींना मात्र ती दीर्घकाळ घ्यावीच लागते. ज्यांना पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झाला आहे, जे वयस्क असून हृदयासाठी अ‍ॅस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात, ज्यांना संधिवातासाठी रोज वेदनाशामक गोळी लागते, त्यांच्यासाठी ती पोटाची ढाल आहे.

नावेची बाजू

आता खर्चाच्या रकान्याकडे वळू. इथे भीती फार पसरली आहे, म्हणून खरे तेवढेच सांगतो.

आम्ल कमी झाले की वेशीवरचा जागल्या झोपतो. त्यामुळे जुलाब, हगवण यांचा धोका थोडा वाढतो. पावसाळ्यात विहिरीचे किंवा बोअरचे पाणी न उकळता पिणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावे.

दोन वर्षांहून अधिक काळ रोज गोळी घेतल्यास बी-बारा कमी पडू शकते. पायांना मुंग्या, जिभेची आग, विसराळूपणा, थकवा ही त्याची लक्षणे. माळकरी घरांत हे जीवनसत्त्व मुळात दूधदुभत्यातूनच काय ते मिळते. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळीही ते कमी करते. ज्यांचे जेवण शाकाहारी, जोडीला मधुमेह आणि वर रोज पित्ताची गोळी, त्यांनी डॉक्टरांना विचारून बी-बाराची तपासणी करून घ्यावी. अंगात रक्त कमी असलेल्या भगिनींनीही लक्ष ठेवावे. आम्ल दबले की लोहाची गोळी नीट अंगी लागत नाही. क्वचित रक्तातील मॅग्नेशियम उतरून पेटके येतात. क्वचित मूत्रपिंडाला सूज येते.

हाडे मोडणे, मूत्रपिंड कायमचे निकामी होणे यांविषयी काय? अशी गोळी घेणाऱ्यांत हे आजार थोडे अधिक दिसले, हे खरे. पण गोळी घेणारी माणसे मुळातच अधिक वयस्क आणि आजारी असतात. तेव्हा दोष गोळीचा की आजाराचा, हे नुसत्या मोजणीने ठरत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार असलेल्या सतरा हजारांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना पँटोप्राझोल आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी सुमारे तीन वर्षे दिली. फरक दिसला तो पोटाच्या जंतुसंसर्गात, तोही थोडा. हाडे मोडणे किंवा मूत्रपिंडाचा जुनाट विकार यांत नाही. तेव्हा गरज असलेल्याने घाबरून गोळी सोडू नये. आणि गरज नसलेल्याने, धोका थोडाच आहे म्हणून, ती चालूही ठेवू नये. ज्या गोळीचा लाभ शून्य, तिचा थोडा धोका तरी का पत्करावा?

गोळीच्या नावापुढे 'डी' किंवा 'डीएसआर' ही अक्षरे असतील तर तिच्यात डॉमपेरिडोन हे दुसरे औषध मिसळलेले असते. ते मळमळीवर थोडे दिवस घ्यावयाचे. साठीपुढील माणसांत आणि हृदयविकार असलेल्यांत त्याने हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो. रोजच्या नेमाला ते नव्हे. जुन्या ओळखीची रॅनिटिडीन गोळीही, तिच्यात अपायकारक घटक तयार होतो असे आढळल्यावर, अमेरिकेने २०२० साली बाजारातून काढून घ्यावयास सांगितली. आपल्या देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीतूनही ती २०२२ साली वगळली गेली.

सुटत का नाही?

आता पहिल्या पत्राचे उत्तर. बंधो, गोळी सोडली की जळजळ उसळते, यावरून गोळीची गरज आहे असे सिद्ध होत नाही. आम्ल कमी पडते आहे असे दिसले की शरीर निरोप धाडून जास्तीचे मजूर बोलावते. गोळी चालू असते तोवर ते मजूर बांधावर बसून असतात. गोळी एकाएकी बंद झाली की सगळे एकदम कामाला लागतात आणि पूर्वीपेक्षाही जास्त आम्ल तयार होते. डेन्मार्कमध्ये पोटाची काहीही तक्रार नसलेल्या १२० निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्यांना आठ आठवडे या कुळातली गोळी देऊन मग ती बंद केली. पुढच्या काळात त्यांच्यापैकी शंभरात चव्वेचाळीस जणांना जळजळ, आंबट ढेकर अशा तक्रारी झाल्या. ज्यांना खरे औषध मिळालेच नव्हते त्यांच्यात हे प्रमाण शंभरात पंधरा होते. म्हणजे निरोगी पोटालाही गोळीने सवय लावली!

तेव्हा आधी डॉक्टरांना भेटा. पाच वर्षांच्या त्रासाला दुर्बिणीची तपासणी किंवा त्या जंतूची तपासणी हवी का, ते विचारा. पोटात काही दोष नसेल तर त्यांच्या सल्ल्याने गोळी पायरीपायरीने उतरवा. दोन-चार आठवडे निम्मी मात्रा, मग एक दिवसाआड, मग लागेल तेव्हाच. मात्रा निम्मी करावयाची म्हणजे गोळी मोडावयाची नव्हे. कमी ताकदीची गोळी लिहून घ्यावी. मधे जळजळ झालीच तर पातळ औषध घ्यावे. हे काही आठवडे कठीण जातात, पण ते सरतात. खाण्याचा सोडा मात्र ऊठसूट घेऊ नका. त्यात सोडियम फार असते. रक्तदाबाच्या माणसाला ते बाधते.

आपण लिहिता की रात्रीच्या विजेवर दारे धरावयास जाता, अकराला परत येऊन जेवता आणि लगेच अंग टाकता. दुखणे इथेच आहे. जमेल तेव्हा शेतावर जाण्यापूर्वीच जेवावे. जेवण आणि झोप यांत तीन तास अंतर असावे. खाटेच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवून ती वीतभर उंच करावी. डाव्या कुशीवर झोपावे. तंबाखू आणि दारू सोडावी, पोटाचा घेर कमी करावा. तिखट प्रत्येकालाच बाधते असे नाही. ज्याला ज्या पदार्थाने त्रास होतो त्याने तो टाळावा.

खरोखर गोळी घ्यावयाची असेल तेव्हा ती जेवणाआधी अर्धा ते एक तास, रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर घ्यावी. चावू नये, कुटून देऊ नये. जेवणानंतर घेतलेली गोळी निम्मी वाया जाते.

एक गोष्ट सर्वांसाठी. सुगीत अंग दुखते म्हणून वेदनाशामक गोळी आणि ती बाधू नये म्हणून पित्ताची गोळी, असा जोडधंदा पुष्कळ घरी चालतो. पित्ताची गोळी जठर सांभाळते; पण वेदनाशामकाने मूत्रपिंडाला होणारा अपाय ती थांबवत नाही. उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन या गोळ्या घेणे विशेष वाईट.

इथे थांबू नका

घास अडकणे, वजन आपोआप घटणे, काळी शौचास होणे, रक्ताची उलटी, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली जळजळ, यांपैकी काही असेल तर गोळीने ते दडपू नका, तपासणी करा. आणि छातीत दाब येऊन घाम फुटला, कळ जबड्यात किंवा हातात गेली, तर 'गॅस झाला' म्हणत गोळी शोधत बसू नका. तडक १०८ ला फोन करा. पित्त समजून घालवलेल्या तासाभरात कर्ती माणसे गेलेली मी पाहिली आहेत.

आता सूनबाईंना दोन शब्द. ताई, मनाला लावून घेऊ नका. आपण मायेनेच केलेत. त्या गोळीचे काम मामंजींच्या हृदयाच्या गोळ्यांपासून पोट राखण्याचे होते, हे आपणास कोणी सांगितलेच नव्हते. ते सांगावयास हवे होते आणि ती चूक आम्हा डॉक्टरमंडळींकडे जाते. आता त्यांची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, बदलूही नका. या कुळातील काही गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या क्लोपिडोग्रेल या औषधाचा गुण कमी करतात, म्हणून दुकानदाराने दिली ती दुसरी गोळी घेऊन येऊ नका.

वाचकहो, आज संध्याकाळी घरातील औषधांची पिशवी पालथी करा. कागदावर प्रत्येक गोळीपुढे तीन रकाने आखा: कशासाठी, केव्हापासून, केव्हापर्यंत. जो रकाना रिकामा राहील तो पुढच्या खेपेस डॉक्टरांकडून भरून आणा. ते पिढ्यान्‌पिढ्यांचे ओळखीचे असले तरी विचारावयास संकोच करू नका. आणि तो कागद त्या पिशवीतच ठेवा, म्हणजे घरातल्या कोणाच्याही हाती तो वेळेवर लागेल.