तूती : चिमणीसारखी, पण चिमणी नव्हे

उन्हाळ्याच्या सुटीत मनालीहून पुढे लाहौलला गेलात, तर वाळुंजाच्या शेंड्याकडे जरूर नजर टाका. तीन-चार सुरांची स्वच्छ शीळ ऐकू येईल. शीळ घालणारा पक्षी चिमणीएवढाच. पण डोके, गळा आणि छाती जणू डाळिंबाच्या रसात बुचकळून काढलेली! हा तूतीचा नर. इंग्रजीत याला कॉमन रोजफिंच म्हणतात.

नर ओळखणे सोपे. हिमालयात रोजफिंचच्या बऱ्याच जाती आहेत. त्यांतल्या अनेकांना डोळ्यावर फिकट गुलाबी भुवई असते, तूतीच्या नराला ती नसते. खरी फसगत होते मादीच्या बाबतीत. तिचा रंग तपकिरी, थाट काही नाही. ‘चिमणीच की!’ असे म्हणून आपण पुढे जातो.

अशा वेळी तीन गोष्टी पाहा. चिमणीच्या मादीच्या डोळ्यामागे फिकट पट्टी असते. तूतीचा चेहरा कोरा आणि त्यात काळ्या मण्यासारखा डोळा. चिमणीची छाती साधी, तर तूतीच्या छातीवर तपकिरी रेघोट्या. शिवाय तूतीची चोच जाड व आखूड आणि शेपटीच्या टोकाला खाच.

आणखी एक गंमत. पहिल्या वर्षी नरही मादीसारखाच तपकिरी असतो. त्यामुळे तपकिरी पक्षी शीळ घालताना दिसला तर गोंधळू नका. तो तरुण नर आहे.

उन्हाळ्यात उंचावरच्या झुडपांत, जमिनीपासून थोड्याच उंचीवर मादी वाटीसारखे घरटे बांधते. काळे ठिपके असलेली तीन ते पाच निळसर अंडी ती एकटीच उबवते. थंडीची चाहूल लागली, की थवे खाली उतरतात आणि पार दक्षिणेपर्यंत पसरतात. महाराष्ट्रातही ते हिवाळी पाहुणे म्हणून येतात. शेताच्या कडेला, घाणेरीच्या जाळीत, बांबूच्या बेटात बिया, कोंब आणि लहान फळे खात हिंडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत फिरतात.

या देखण्या रंगापायी तूती पिंजऱ्यातही अडकली. पण तो लाल रंग तिला खाण्यातून मिळतो. रानातल्या खाद्यातील रंगद्रव्यांपासून तो तयार होतो. पिंजऱ्यात नुसत्या दाण्यांवर ठेवलेल्या नराची पिसे गळून नवी आली, की ती लाल न येता पिवळट येतात. ज्या रंगासाठी पक्षी पकडला, तो रंगच हाती राहत नाही! आपले रानपक्षी पकडणे व पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, ते वेगळेच.

तेव्हा येत्या हिवाळ्यात शेताच्या बांधावर ‘चिमण्यांचा’ थवा दिसला, तर मुलांना घेऊन क्षणभर थांबा. छातीवर रेघोट्या आहेत का, ते पाहा. कदाचित त्या हिमालयातून आलेल्या पाहुण्या असतील.