आधी घर बदला, मग व्हर्जन

मंडळी, डेटाबेस अपग्रेडच्या मीटिंगमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. "डाउनटाइम मिळतोच आहे, तर त्याच रात्री डिरेक्टरी पण हलवून टाकू." माझा याला ठाम विरोध आहे. का, ते सांगतो.

ओरॅकल रॅक म्हणजे डेटाबेस एक, पण तो चालवणारे सर्व्हर (नोड) दोन किंवा जास्त. प्रत्येक नोडवर क्लस्टरच्या सॉफ्टवेअरचं एक घर असतं, ग्रिड होम. जुन्या सिस्टिममध्ये ते कधीकधी भलत्याच जागी असतं. कधी भरत आलेल्या डिस्कवर, तर कधी चक्क ओरॅकल बेसच्या पोटात. हे दुसरं मॅन्युअललाच मान्य नाही, कारण इन्स्टॉलच्या वेळी त्या वाटेवरच्या डिरेक्टऱ्यांची मालकी रूटकडे जाते.

बरं, घर हलवायचं म्हणजे 'एमव्ही' मारून मोकळं व्हायचं नाही! इन्व्हेंटरीत जुना पत्ता असतो, क्लस्टरच्या स्वतःच्या नोंदींत असतो, क्रॉनमध्ये, बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये, आणि कोणी कधी लिहिली हे कुणालाच आठवत नाही अशा फायलींतही असतो.

लोक म्हणतात, नवं व्हर्जन नव्या होममध्येच बसणार, मग आधी हलवायचं कशाला? अहो, म्हणूनच! पत्ता आणि व्हर्जन एकाच रात्री बदललं आणि पहाटे तीनला नोड वर आला नाही, तर दोष कोणाचा? कॉलवर वीस जण, प्रत्येकाचं उत्तर वेगळं, आणि रोलबॅक करायचा की नाही हे ठरवायला अर्धा तास.

आमच्या पंढरपूरचं बघा. १५ मार्च २०२४ पासून विठ्ठलाच्या गाभाऱ्यात जतनाचं काम सुरू झालं. पदस्पर्श दर्शन बंद ठेवलं, पण मुखदर्शन रोज काही तास चालू होतं. मूर्तीला काचेचं संरक्षण केलं. २ जूनला पदस्पर्श पुन्हा सुरू झालं. आषाढी होती १७ जुलैला, म्हणजे दीड महिना हातात. ३१ मे रोजी तर फरशीखाली तळघर निघालं, आत जुन्या मूर्ती! फरशी उचलली की असं काही निघतंच. ते दशमीच्या रात्री निघालं असतं तर लाखो वारकऱ्यांना काय सांगणार होतो?

आपल्या सिस्टिमचंही तेच. १९सी असेल तर तेच व्हर्जन, त्याच पॅचसकट, योग्य जागी नवीन होममध्ये टाका. मग ग्रिड सेटअपच्या 'स्विच ग्रिड होम' पर्यायाने एकेक नोड तिकडे न्या. एक नोड खाली असताना दुसरा काम करत राहतो. महिनाभर चालू द्या. पगाराची रात्र, महिनाअखेर, सगळं एकदा त्यावरून जाऊ द्या. जुना पत्ता धरून बसलेली स्क्रिप्ट या काळात आपणहून ओरडते :) जुनं होम तोवर पुसू नका, परतीची वाट तीच आहे.

यात एक शनिवार जास्त जातो, कबूल. मॅनेजरला तो खर्च वाटतो, कारण त्या रात्री तो झोपलेला असतो. तेव्हा अपग्रेडच्या प्लॅनमध्ये दोन तारखा मागा, आणि एकच मिळाली तर ती घर बदलायला वापरा. व्हर्जन थांबेल पुढच्या महिन्यापर्यंत.