थांब, ती चकती फिरवू नकोस!

दोस्तांनो, मध्यंतरी पारनेरहून एका मैत्रिणीचं पत्र आलं. नववीत आहे ती. लिहिते, "आमच्या माळ्यावर आजोबांचा कॅमेरा सापडला. चामड्याच्या पिशवीत होता. पुढे 'झॉर्की-4' असं कोरलेलं आहे. दादा म्हणतो, हा डबा विकून टाकू आणि नवा घेऊ. एक माणूस दुकानात शोभेला मांडायला मागतोय, तो रविवारी येणार आहे. आई म्हणते, चालत असेल तर ठेवू या. मला सांगा, असे कॅमेरे जुने चांगले की नवे? आणि वरची चकती फिरवून बघू का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी तिला त्याच दिवशी फोन करून दिलं. थांब! ती चकती फिरवू नकोस! झॉर्कीमध्ये आधी फिल्म पुढे सरकवायचं मोठं बटण पूर्ण फिरवायचं, म्हणजे शटर ताणलं जातं. त्यानंतरच वेगाची चकती उचलून फिरवायची. हा क्रम उलटा झाला तर आतली यंत्रणा बिघडू शकते. आणि त्या माणसाला म्हणावं, दोन रविवार थांबा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मोठं आहे. ते आज तुम्हा सगळ्यांनाच सांगतो.

झॉर्की हा 'रेंजफाइंडर' जातीचा कॅमेरा आहे. रेंजफाइंडर म्हणजे अंतर शोधणारा. तो अंतर कसा शोधतो? हे समजायला कॅमेरा लागत नाही. हात लांब करून अंगठा उभा धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. अंगठा इकडून तिकडे उडी मारतो ना? आता अंगठा नाकाजवळ आणा आणि पुन्हा तेच करा. उडी मोठी झाली. म्हणजे वस्तू जितकी जवळ, तितका दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांत फरक जास्त.

रेंजफाइंडर कॅमेऱ्याला असेच दोन डोळे असतात. पुढून पाहिलं तर एक मोठी खिडकी दिसते आणि थोड्या अंतरावर एक छोटी. छोट्या खिडकीतलं चित्र आतल्या आरशांवरून वळून मोठ्या चित्राच्या मधोमध एका ठिपक्यात पडतं. ठिपक्यात माणसाची दोन नाकं दिसतात! भिंग फिरवत गेलं की ती जवळ येतात आणि शेवटी एक होतात. एक झाली की समजायचं, भिंग बरोबर अंतरावर लागलं. दाबा खटका!

आता थोडा इतिहास. जर्मनीत वेट्झलर गावी लाइट्झ नावाचा सूक्ष्मदर्शक बनवणारा कारखाना होता. तिथल्या ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची 35 मिलिमीटर फिल्म वापरणारा लहानसा कॅमेरा तयार केला. तो 1925 साली 'लायका' या नावानं बाजारात आला. 1932 सालच्या लायकात भिंगाला जोडलेला रेंजफाइंडर बसवला गेला.

त्याची नक्कल कुणी केली, माहीत आहे? तुमच्यासारख्या मुलांनी! युक्रेनमधल्या खारकिव्ह शहरात अनाथ आणि रस्त्यावरच्या मुलांची एक वसाहत होती. आंतोन माकारेंको हे तिथले शिक्षक. ती मुलं अर्धा दिवस शिकत आणि अर्धा दिवस कारखान्यात काम करत. आधी त्यांनी विजेवर चालणारी ड्रिल यंत्रं बनवली. मग लायकाचे भाग सुटे करून अभ्यासले आणि 1934 पासून तसाच कॅमेरा बनवायला सुरुवात केली. त्याचं नाव 'फेड'. दुसऱ्या महायुद्धानंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात फेडसारखाच कॅमेरा तयार होऊ लागला, तो झॉर्की. रशियन भाषेत झॉर्की म्हणजे तीक्ष्ण नजरेचा. आजोबांचा झॉर्की-4 हा त्याच घराण्यातला. 1956 पासून 1973 पर्यंत तो लाखांनी बनला.

इकडे वेट्झलरमध्ये 1954 साली 'लायका एम-3' आला. जुना कॅमेरा म्हटलं की जाणकार ज्याचं नाव घेतात तो हा. वजन सुमारे 580 ग्रॅम. वरचं झाकण पितळेचं, त्यावर क्रोमचा मुलामा. सगळे भाग एकमेकांत असे बसवलेले, की हलवून पाहिला तरी काही खुळखुळत नाही. शटर रबर चढवलेल्या कापडाचं. आवाज अगदी हळू, कुणीतरी शेजारी जीभ टाळ्याला लावून सोडावी तेवढाच. कापडी शटरच्या लायकाचा हा मोठा गुण. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे फ्रेंच छायाचित्रकार लायका घेऊन 1948 च्या जानेवारीत दिल्लीत होते. गांधीजींच्या शेवटच्या दिवसांची आणि अंत्ययात्रेची त्यांची छायाचित्रं जगभर गेली. एम-3 तेव्हा निघालाही नव्हता. त्यांच्याकडे त्याआधीचा लायका होता.

आता नव्यांकडे वळू. 1999 साली जपानच्या कोसिना कंपनीनं 'फोक्टलेंडर' हे जुनं नाव घेतलं आणि 2000 साली 'बेसा-आर' हा रेंजफाइंडर काढला. वजन सुमारे 395 ग्रॅम. वरची-खालची झाकणं प्लॅस्टिकची, शटर धातूच्या पट्ट्यांचं. हातात घेतला की पहिल्यांदा वाटतं, अरे, हा रिकामा आहे की काय! खटका दाबला की 'खटॅक्' असा मोठा आवाज येतो. म्हणजे दादा हरला का? घाई करू नका. मुद्दे एकेक करून पाहू.

पहिला मुद्दा डोळ्यांचा. एम-3 च्या दोन खिडक्यांमध्ये सुमारे 69 मिलिमीटर अंतर आहे. आत पाहिलं तर जग खऱ्याच्या 0.91 पट दिसतं. 69 गुणिले 0.91 करा. सुमारे 63 आले. मोठ्या माणसाच्या दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतरही साधारण तेवढंच असतं! बेसा-आरमध्ये 37 गुणिले 0.68, म्हणजे जेमतेम 25. हा आकडा जितका मोठा, तितकं अंतर अचूक लागतं. इथे जुना जिंकला. पण नेहमीच्या भिंगांनी, भरपूर उजेडात 25 सुद्धा पुरतात. दूरचं जवळ आणणारं भिंग लावलं की मात्र फरक कळतो.

दुसरा मुद्दा उन्हाचा. पारनेरच्या वैशाखातलं ऊन तुम्हाला सांगायला नको. रेंजफाइंडरमध्ये भिंगामागे आरसा नसतो. कॅमेरा झाकण न लावता सूर्याकडे तोंड करून ठेवला, की भिंग बहिर्गोल काचेसारखं काम करतं आणि कापडी शटरला भोक पाडतं. लायका असो की झॉर्की, दोघांना ही भीती आहे. बेसाच्या धातूच्या पट्ट्यांना ती नाही. इथे नवा जिंकला.

तिसरा मुद्दा फिल्म भरण्याचा. एम-3 चं खालचं झाकण काढून फिल्म आत सरकवावी लागते. पहिल्यांदा करताना तिसरा हात असता तर बरं झालं असतं असं वाटतं. बेसाचं मागचं दार बिजागरीवर कपाटासारखं उघडतं. शिवाय उजेड मोजायचं यंत्र आतच आहे. एम-3 मध्ये ते नाही. पुन्हा नवा जिंकला.

चौथा मुद्दा बॅटरीचा. एम-3 आणि झॉर्कीला बॅटरी लागतच नाही. बेसा-आरमधली बॅटरी संपली तर फक्त उजेडमापक बंद पडतो, शटर चालूच राहतं. पण 1966 च्या 'याशिका इलेक्ट्रो 35' ची बॅटरी संपली, की शटरला एकच वेग उरतो, 1/500 सेकंद. त्याची मूळची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही, जुगाड करावा लागतो. 1999 चा 'कोनिका हेक्सार आरएफ' तर बॅटरीशिवाय मुळीच चालत नाही. त्यातला विजेचा भाग जळाला तर दुरुस्ती करणारा मिळणं कठीण. पितळी दातेरी चाक मात्र चांगला कारागीर आजही घासूनपुसून बसवू शकतो.

पाचवा मुद्दा धातूचा. पितळेचं झाकण आपटलं तर त्याला पोचा येतो. प्लॅस्टिकला तडा जातो. आणि नवा म्हणजे प्लॅस्टिकच असंही नाही. 1984 च्या लायका एम-6 चं झाकण जस्ताच्या मिश्रधातूचं होतं. काही कॅमेऱ्यांच्या झाकणावर पुढे बारीक फोड आले. त्याच्या रेंजफाइंडरमध्ये बाजूनं उजेड शिरला की मधला ठिपका पांढरा पडून दिसेनासा होई. म्हणजे एम-3 नंतर तीस वर्षांनी निघालेला कॅमेरा या दोन बाबतींत मागे गेला. मग 2022 साली त्याच कंपनीनं एम-6 पुन्हा काढला, तो पितळेच्या झाकणाचा आणि सुधारलेल्या रेंजफाइंडरचा. किंमत मात्र काही लाख रुपये!

आता खरी गंमत. आजोबांचा झॉर्की आणि एम-3 दोघंही त्याच काळातले. पण दोन्ही हातात घेऊन पाहिले तर डोळे मिटूनही फरक कळतो. झॉर्कीचं बटण जरा खरखरत फिरतं. त्याच्या खिडकीत चित्राची हद्द दाखवणारी चौकटही नाही. म्हणजे फरक फक्त वयाचा नाही. तो भाग कसे घडवले, किती बारकाईनं बसवले आणि तपासायला किती वेळ दिला, याचा आहे. झॉर्की-4 सतरा लाखांच्या आसपास बनले, स्वस्तात, पुष्कळांच्या हाती जावेत म्हणून. एम-3 बनले सव्वादोन लाखांच्या आसपास.

आणखी एक. 'जुनं ते सोनं' असं म्हणताना एक गोष्ट आपण विसरतो. जुन्यातले वाईट कॅमेरे कधीच भंगारात गेले. आज दिसतात ते गाळून उरलेले. उरलेले चांगले आहेत म्हणून सगळेच चांगले होते असं नाही.

म्हणून मी पारनेरच्या मैत्रिणीला लिहिलं, जुना की नवा हे बाजूला ठेव. हा एक कॅमेरा चांगला आहे का, ते तपास. तुमच्या घरी असा कॅमेरा असेल तर तुम्हीही तपासा.

1. आत फिल्म आहे का ते पाहा. फिल्म गुंडाळायचं डावीकडचं बटण बाणाच्या दिशेनं हलकेच फिरवा. अडलं तर आत फिल्म आहे, कॅमेरा उघडू नका. कदाचित आजोबांनी काढलेले फोटो असतील!

2. फिल्म नसेल तर तळाच्या दोन चाव्या फिरवा. झॉर्कीची पाठ आणि तळ एकत्र निघतात. भिंग आट्यांचं आहे, उलटं फिरवून काढा. अंधाऱ्या खोलीत पुढून टॉर्च दाखवा आणि मागून पाहा. कापडात चांदण्या चमकल्या तर भोकं आहेत. कापडाला बोट लावू नका.

3. शटर ताणा, मग वेग एक सेकंदावर ठेवा आणि खटका दाबा. 'एक हजार एक' म्हणेपर्यंत शटर उघडं राहायला हवं. अडकलं तर आतलं वंगण वाळलं आहे. खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल मुळीच घालू नका! ते कापडावर पसरतं. हे काम कारागिराचं.

4. भिंग पुन्हा लावून सर्वांत दूरच्या खुणेवर ठेवा. लांबच्या देवळाचा कळस किंवा विजेचा खांब ठिपक्यात पाहा. एकच दिसला तर रेंजफाइंडर बरोबर. मग टेपनं 1, 2 आणि 3 मीटर मोजून तेच करा. दोन खिडक्यांमधलं अंतरही पट्टीनं मोजून ठेवा.

5. आणि फोटो काढताना भिंगावरचं झाकण काढा! हसू नका. रेंजफाइंडरमध्ये आपण भिंगातून पाहत नाही, त्यामुळे झाकण लागलेलं असलं तरी सगळं छान दिसतं. टाकळी ढोकेश्वरच्या लेण्यात मी असाच 36 फोटोंचा रोल घालवला. सगळा कोरा!

तिचं दुसरं पत्र दोन आठवड्यांनी आलं. फिल्म नव्हती. कापडाला एकही भोक नाही. देवळाचा कळस एकच दिसतो. पण एक सेकंदाचा वेग अडकतोय. दादानं स्वतः टॉर्च धरला होता आणि आता तोच म्हणतोय, दुरुस्त करून आणू. त्या माणसाला त्यांनी नाही म्हणून सांगितलं. पहिला रोल निघोजला काढायचा ठरलाय, कुकडीच्या पात्रातल्या रांजणखळग्यांवर. छान निवड आहे! खळग्याचा काठ, आतलं पाणी आणि पलीकडचा खडक, तिन्ही वेगवेगळ्या अंतरांवर. रेंजफाइंडर शिकायला याहून चांगली जागा कुठली? फक्त काठावर पाय जपून टाका आणि मोठ्या माणसांना बरोबर न्या. फिल्मचा रोल काही शे रुपयांना मिळतो, म्हणून एकेक फोटो विचार करून काढा.

आणि दादासाठी एक बातमी. बेसा-आरला भिंग आट्यांचंच लागतं आणि झॉर्कीचे आटेही त्याच 39 मिलिमीटर मापाचे आहेत. पुढेमागे त्यानं जुन्या बाजारातून बेसा घेतला, तर आजोबांच्या कॅमेऱ्यावरचं भिंग त्यावर चढवून पाहता येईल. बेसा बनणं 2015 साली थांबलं, त्यामुळे 'नवा' म्हणून तो घेणार, तोही आता जुनाच झालाय!

पत्राच्या शेवटी तिनं विचारलंय, "खिडकीतून मला सगळं जरा पुसट दिसतं. काच खराब झाली का?"

काच खराब नसेल गं. डाव्या बटणाखाली एक छोटी दांडी आहे ना, ती पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे सरकवायची असते. झॉर्की-4 ची ही सोय फार चांगली. आजोबा चष्मा लावायचे का, आईला विचार. ती दांडी अजून त्यांच्या डोळ्याच्या नंबरावर उभी असेल. सरकवण्याआधी ती कुठे आहे, तिथे पेन्सिलीनं एक बारीक खूण करून ठेव. मग खुशाल तुझ्या डोळ्याला लाव.