स्टेशनपासून पाच मिनिटे

घरांच्या जाहिरातींत जी वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली आहेत, त्यांत ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ या वाक्याला पहिला मान द्यावा लागेल. ही पाच मिनिटे कोणाच्या पायांनी मोजली, हे जाहिरातदार कधी सांगत नाही. आठ-बाराची लोकल गाठण्यासाठी डबा सावरीत धावणाऱ्या कारकुनाच्या पायांनी, की एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात पोराचे बोट धरून येणाऱ्या गृहिणीच्या पायांनी? तरीही आपण त्या वाक्यावर विश्वास ठेवतो आणि त्याच्यापायी जन्माची पुंजी मोकळी करतो.

अलीकडे या पाच मिनिटांवर सरकारचीही दृष्टी गेली आहे. २०१७ साली केंद्र सरकारने एक धोरण जाहीर केले. रेल्वे किंवा मेट्रोच्या स्थानकाभोवती पाचशे ते आठशे मीटरच्या टापूत, म्हणजे पायी जाता येईल एवढ्या अंतरात, अधिक उंच आणि अधिक दाट बांधकाम होऊ द्यावे, असा त्याचा मथितार्थ. महाराष्ट्रात पुणे आणि नागपूर येथील मेट्रो स्थानकांभोवती पाचशे मीटरपर्यंत चार एवढा एफएसआय मिळू शकतो. अर्थात प्लॉट मोठा हवा आणि समोरचा रस्ता रुंद हवा.

एफएसआयला सरकारी मराठीत ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ असे भारदस्त नाव आहे. अर्थ मात्र साधा आहे. प्लॉट हजार चौरस मीटरचा आणि निर्देशांक एक, तर सगळ्या मजल्यांवर मिळून हजार चौरस मीटर चटया अंथरा. निर्देशांक चार झाला की चटया चार हजार. मुंबईत हा हिशेब १९६४ च्या विकास आराखड्यापासून सुरू झाला. १९९१ च्या नियमावलीत शहरासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १ असे मूळ आकडे होते. त्यांवर पुढे अधिमूल्य, हस्तांतरणीय हक्क वगैरेंची इतकी पुटे चढली, की मूळ आकडा आता केवळ देव्हाऱ्यातल्या टाकासारखा, पूजेपुरता उरला आहे.

२०१५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा निघाला. त्यात काही मोठ्या स्थानकांभोवती आठपर्यंत निर्देशांक सुचविला होता. आठ! लोकांनी आराखड्यातल्या नाना चुकांवर हरकतींचा पाऊस पाडला आणि एप्रिलमध्ये सरकारला तो मसुदाच रद्द करावा लागला. सुधारलेला आराखडा अमलात यायला २०१८ साल उजाडले.

आता, स्टेशनजवळ दाटी असावी की नसावी? माझ्या मते असावी. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली आणि मुंबईचा विस्तार कसा व्हायचा ते तेव्हाच ठरले. पुढच्या उपनगरांची वस्ती रुळांच्या दोन्ही अंगांना, माळेत मणी ओवावे तशी स्थानकास्थानकाशी जमत गेली. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सुधारणा मंडळाने दादर-माटुंग्याला जे आखीव प्लॉट पाडले, त्यांतली बरीच घरे स्टेशनपासून चालत जाण्याच्याच अंतरावर आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर कोपनहेगनकरांनी १९४७ मध्ये आपल्या शहराचा आराखडा पंजासारखा केला. मूळ शहर हा तळवा आणि रेल्वेमार्गांच्या कडेने वाढलेली उपनगरे ही बोटे. तेथे पुढे असा दंडकच झाला, की मोठी कचेरी बांधायची तर ती स्टेशनपासून सहाशे मीटरांच्या आतच बांधावी. स्टेशनजवळ वस्ती रोखून धरली तर माणसे नाहीशी होत नाहीत. ती बदलापूरला आणि विरारला जातात, आणि रोजचे तीन-चार तास गाडीच्या दांडीला लटकून काढतात. त्यांच्या मुलांना बाप रविवारीच दिसतो. तेव्हा दाटीला नाक मुरडण्याचा अधिकार ज्याचे घर स्टेशनजवळ आहे त्याला तर मुळीच नाही.

मग घोडे अडते कोठे? ते अडते मापात. आपण चटया मोजतो, पण पावले मोजत नाही.

परळचे उदाहरण घ्या. गिरणगावात दाटी कधी नव्हती? दहा बाय बाराच्या खोलीत दहा माणसे राहत. पण भोंगा झाला की कामगार चाळीतून निघून चालत गिरणीत जाई. घर आणि काम यांच्यात आगगाडी नव्हती, म्हणून एल्फिन्स्टन रोड, परळ, करी रोड या स्थानकांचे चिंचोळे पूल निभावून गेले. १९८२ च्या जानेवारीत संप झाला आणि गिरण्यांचा कणा मोडला. १९९१ च्या नियमावलीतल्या अठ्ठावन्नाव्या नियमाने गिरण्यांच्या जमिनींची साधारण तीन वाट्यांत विभागणी सांगितली. एक वाटा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, केवळ इमारती नसलेल्या भागाची करायची, असे ठरले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. मैदाने आणि साधी घरे यांचे वाटे आटले आणि काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या.

दाटी पूर्वीही होती आणि आताही होती, पण तिची चाल बदलली. आता कामावर येणारा प्रत्येक जण लोकलने येऊ लागला आणि त्याच जुन्या जिन्याने उतरू लागला. २०१७ च्या सप्टेंबरची २९ तारीख होती. दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी साडेदहाच्या सुमारास पावसाची सर आली, लोक पुलावर आडोशाला थांबले, मागून गाड्या रिकाम्या होत राहिल्या. त्या चेंगराचेंगरीत तेवीस माणसे गेली. पुढे लष्कराने काही महिन्यांत तेथे नवा पूल बांधून दिला. पुढच्या वर्षी स्थानकाचे नावही प्रभादेवी झाले. ज्या कागदांवर त्या कचेऱ्या मंजूर झाल्या, त्यांत मजल्यांचे चौरस मीटर अचूक होते. जिन्याची रुंदी मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हती, कारण कचेरी महापालिकेच्या हद्दीतली आणि जिना रेल्वेच्या.

आपल्याकडे रेल्वेवाल्यांचा एक शब्द आहे, ‘सुपर डेन्स क्रश लोड’. डब्यात उभ्याने एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे, असा त्याचा अर्थ. मीटरभर लांब आणि मीटरभर रुंद अशी एक चटई घरात अंथरा आणि तिच्यावर सोळा माणसे उभी करून पाहा. दिवाळीला पाहुणे आलेच आहेत, प्रयोग सोपा आहे. स्टेशनाबाहेर चटई चौपट करताना या आतल्या चटईचे काय, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा.

दुसरी गोष्ट मोटारीची. उपनगरातल्या एका सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेला मी पाहुणा म्हणून बसलो होतो. बिल्डरचा माणूस नकाशा दाखवीत होता. तळमजल्यापासून चार मजले नुसत्या मोटारी, त्यांच्यावर ब्लॉक. पुढच्या रांगेत बसलेल्या एका निवृत्त ओव्हरसियरांनी विचारले, “अहो, स्टेशन येथून चार मिनिटांवर. एवढ्या मोटारी कशाला?”

“नियमच आहे काका. ब्लॉक मोठा, तेवढ्या मोटारींच्या जागा जास्त.”

“आणि ह्या मोटारी ज्या गल्लीतून बाहेर पडायच्या, ती रुंद होणार का?”

“गल्ली आपली नाही काका, महापालिकेची आहे.”

सभेत हशा पिकला आणि विषय किचनच्या ओट्यावर गेला. पण काकांनी नेमके वर्मावर बोट ठेवले होते. नियमाने लागणारी मोटारींची जागा चटईच्या हिशेबात धरीत नाहीत, म्हणजे मोटारीला बिनभाड्याचे बिऱ्हाड मिळते. स्टेशनालगतची जमीन महाग, म्हणून नवे ब्लॉक मोठे. मोठ्या ब्लॉकात येणारा मोटार घेऊन येतो. आणि ज्याला खरोखर लोकल पकडायची असते, ती इस्पितळातली परिचारिका, तो दुकानातला नोकर, आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई, त्या गल्लीतून हद्दपार होतात. स्टेशनजवळ दाटी करण्याचा हेतू काय होता आणि पदरात काय पडले! २०१७ च्या त्या धोरणातच लिहिले आहे, की स्थानकाजवळ मोटारींच्या जागा कमी कराव्यात, त्या महाग कराव्यात आणि परवडणारी घरे ठेवावीत. पण धोरण दिल्लीच्या कपाटात असते आणि नकाशा बिल्डरच्या टेबलावर.

हे सारे सुधारणे अशक्य आहे असे नाही. नवी मुंबई उभारताना सिडकोने रेल्वेशी करार केला. मार्गांच्या खर्चापैकी ६७ टक्के सिडकोचे आणि ३३ टक्के रेल्वेचे. सिडकोने आपला वाटा जमिनींच्या विक्रीतून आणि तिकिटावरच्या अधिभारातून उभा केला. १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला गाडी गेली. वाशी, नेरूळ, बेलापूर या स्थानकांवर ज्याने एकदा उतरून पाहिले आहे, त्याला तेथले ऐसपैस फलाट आणि रुंद भुयारी वाटा आठवत असतील. त्या शहरातही उणिवा आहेत, नाहीत असे नाही. पण रेल्वेमुळे जमिनीला जी किंमत आली, ती काही अंशी तरी रेल्वेकडे परत गेली. येथे मात्र वाढीव एफएसआयपोटी बिल्डर अधिमूल्य भरतो, आणि ज्या स्टेशनाच्या जोरावर तो ते भरतो, त्याच्या जिन्यावर त्यातला पैसा पडेलच याची हमी कोणी देत नाही.

तेव्हा नियम असा हवा: आधी पूल, पदपथ आणि सांडपाण्याची नळी, मग मजले. वाढलेल्या चटईतला ठरीव हिस्सा लहान घरांना. स्टेशनाच्या पाच मिनिटांत मोटारीला फुकट बिऱ्हाड नाही. आणि अधिमूल्याचा वाटा त्याच स्टेशनाच्या नावे जमा.

हे आपण घरात बसून बोलतो, पण विचारण्याच्या जागा आहेत. १९६६ च्या नगररचना कायद्यान्वये विकास आराखडा किंवा नियम बदलायचा झाला तर जाहीर नोटीस निघते आणि हरकती-सूचना मागविल्या जातात. त्या नोटिशीवर वर्तमानपत्रात आपण उद्या रांगोळीचे डबे ठेवणार आहोत, तेवढे आधी ती वाचावी. २०१५ मध्ये लोकांनी वाचली म्हणून तो मसुदा मागे गेला. आणि सोसायटीच्या सभेत आपल्याला किती चौरस फूट वाढवून मिळणार, हा प्रश्न जरूर विचारा, तो हक्कच आहे. पण त्याच्या पाठोपाठ आणखी एक विचारा. या गल्लीत चौपट माणसे आली, तर सकाळी आठ वाजता माझी आई, माझी मुलगी येथून स्टेशनात पाच मिनिटांत, आणि धडधाकट, पोचेल काय? या प्रश्नाचे उत्तर नकाशावर लिहून घ्यावे आणि मगच सही करावी.