नो फॉल्ट फाउंड!

ऑफिसात मला पगार मिळतो तो एका वाक्यासाठी. 'आपली गैरसोय झाली याबद्दल दिलगीर आहोत, आपली तक्रार वरच्या टीमकडे पाठवली आहे.' हिंजवडीत बसून, ओहायोतल्या क्लायंटला, रोज किमान दहा वेळा. त्यामुळे डिसेंबरात हेच वाक्य शब्द न् शब्द माझ्याच मोबाइलवर येऊन आदळलं, तेव्हा आधी हसू आलं. मग जाम भडकले.

सुरुवातीपासून सांगते. बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख मिळाली. आणि बाबांनी जाहीर केलं, "त्याआधी एकदा राजगड." आई म्हणाली, "डॉक्टरांना विचारलं का?" बाबा म्हणाले, "ते काय सांगतील मला माहितीये. मग कशाला विचारायचं?" विषय संपला.

मी म्हटलं, जायचंच तर फुल टू शूटिंग करायचं. सेल चालू होता, दिवाळीचा बोनस अकाउंटला पडून होता. एक छानसा, मुठीत मावणारा ॲक्शन कॅमेरा ऑनलाइन मागवला. खोका आला, उघडला, कॅमेरा हातात घेऊन 'सही आहे!' म्हटलं आणि चार्ज करून ठेवून दिला. ट्रेक नऊ दिवसांनी होता. वेबसाइटची 'रिप्लेसमेंट'ची मुदत सात दिवसांची. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघायची अक्कल मला तेव्हा नव्हती. तुम्ही तेवढं करा, म्हणजे या कॉलमचे अर्धे पैसे वसूल!

बाबांच्या गुडघ्यासाठी गुंजवण्याच्या चोर दरवाजाची वाट सोडून पाली दरवाजाच्या पायऱ्यांनी गेलो. सावकाश. दर वीस मिनिटांनी बसत. बालेकिल्ल्याचा विचारच नव्हता. पद्मावती माचीवर, तळ्याच्या काठी बाबा टेकले आणि आपणहून बोलायला लागले. १९८४ साली ते आणि त्यांचा मित्र इथे देवळात मुक्कामाला होते, त्या रात्रीची गोष्ट. हे काका दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर बाबांनी त्यांचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. मी श्वास रोखून कॅमेरा धरला होता. लाल दिवा लुकलुकत होता. निदान मला तसं वाटत होतं.

घरी येऊन बघितलं. क्लिप सहा मिनिटांची. बाबा हसतायत, काठीने जमिनीवर रेघ मारतायत, आणि म्हणतायत, "मग तो मला म्हणाला..." इथे फाइल संपते. बॅटरी दाखवत होती ४१ टक्के आणि कॅमेरा झोपला होता. पुढची वीस मिनिटं मी एका बंद डबीकडे बघत बसले होते.

"बाबा, परत सांगता का?"

"असं परत परत सांगता येत नाही गं," ते म्हणाले आणि गुडघ्याला तेल लावायला घेतलं.

मग आपण सगळे जे करतो तेच मी केलं. आधी स्वतःला दोष दिला. थंडी असेल. मीच नीट चार्ज केली नसेल. सेटिंग चुकलं असेल. ऑफिसातल्या मित्राने फंडा दिला, "सोड ना, बाजारात सहाशेला मिळते, टाक दुसरी." बघा, कपाटभर पैसे देऊन घेतलेल्या नव्या वस्तूची खोट आपणच आपल्या खिशातून झाकायची! आणि ती सहाशेची बॅटरी कुणी बनवली, तिच्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का, हे कोण बघणार? लिथियम सेलसाठी आयएस १६०४६ हे मानक आहे ते काही शोभेला नाही.

सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलाने कॅमेरा आत नेला, पाऊण तासाने आणून दिला. जॉब शीटवर लिहिलं होतं, 'नो फॉल्ट फाउंड'. "मॅडम, आमच्याकडे व्यवस्थित चालला." वर हेही, की बॅटरी 'ॲक्सेसरी'त येते, वॉरंटी कॅमेऱ्याची असते. चॅटवर विचारलं तर माझं ते लाडकं वाक्य आलं. दिलगीर आहोत.

संध्याकाळी घरी येऊन हा सगळा राग बाबांवर ओतला. ते काही बोलले नाहीत. कपाटातून एक जुनी फाइल काढून आणली. वर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात, 'बिले व वॉरंट्या'. आत १९९३ सालच्या मिक्सरचं बिल, कंपनीला पाठवलेल्या तीन पत्रांच्या कार्बन कॉपी आणि रजिस्टर्ड ए.डी.च्या गुलाबी पोचपावत्या. मिक्सरची मोटर शेवटी बदलून मिळाली होती. आई आतून ओरडली, "आणि तोपर्यंत चार महिने मी पाट्यावर वाटलं, तेही लिही कुठेतरी!"

"तू दिवसभर परक्या लोकांच्या तक्रारी लिहून काढतेस," बाबा म्हणाले. "एक स्वतःची लिही की."

बॉस, डोक्यात ट्यूबलाइट पेटली! आमच्या धंद्यात 'माझ्याकडे तर चालतंय' हे उत्तर मी कुठल्या ज्युनिअरला देऊ देत नाही. बग कुठल्या परिस्थितीत येतो ते शोधायचं, तीच परिस्थिती पुन्हा उभी करायची, मग बोलायचं. तेच केलं.

आधी बाकीचे संशयित बाद केले. मेमरी कार्ड स्लो असेल तर रेकॉर्डिंग थांबतं, पण कॅमेरा चालू राहतो. माझा सरळ बंद पडत होता. गरम झाला तर बहुतेक कॅमेरे स्क्रीनवर तसा इशारा देतात. माझ्याकडे काहीच नाही. फर्मवेअर अपडेट केलं, फरक शून्य. थंडीचं म्हणाल तर लिथियम बॅटरी गारठते ती पारा शून्याकडे जायला लागला की. आमच्याकडे राजगडावर डिसेंबरात स्वेटर लागतो, इग्लू नाही.

मग खरी परीक्षा. एका मैत्रिणीकडे हेच मॉडेल आहे. एका रविवारी दोन्ही कॅमेरे समोरासमोर ठेवले, शेजारी भिंतीवरचं घड्याळ, आणि सगळं मोबाइलवर शूट केलं. फोर के, साठ फ्रेम. माझ्या कॅमेऱ्यात माझी बॅटरी, तीन वेळा: ४१ टक्क्यांवर बंद, ३८ वर बंद, ४४ वर बंद. माझ्या कॅमेऱ्यात तिची बॅटरी: एक तास आठ मिनिटं, अगदी तळ गाठेपर्यंत. तिच्या कॅमेऱ्यात माझी बॅटरी: ४० वर बंद. म्हणजे कॅमेरा निर्दोष, आरोपी बॅटरी. शेवटी सेटिंग कमी करून, १०८० वर, माझी बॅटरी माझ्याच कॅमेऱ्यात लावली, तर बया गुणी मुलीसारखी ९ टक्क्यांपर्यंत चालली!

सर्व्हिस सेंटरवाला खोटं बोलत नव्हता तर. त्याने हलक्या सेटिंगवर दहा मिनिटं चालवून बघितली असणार. 

असं का होतं? सोसायटीची टाकी डोळ्यासमोर आणा. टाकी अर्धी भरलेली आहे, पण पाइपात क्षार साचलेत. एक नळ सोडला तर धार येते. शॉवर आणि वॉशिंग मशीन एकदम सुरू केलं की ठणठणाट. खराब सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. कॅमेऱ्याने जोर लावून करंट मागितला की व्होल्टेज धपकन खाली येतं आणि कॅमेरा स्वतःला वाचवायला बंद होतो. स्क्रीनवरचे टक्के हा शेवटी अंदाज असतो. टाकीत पाणी असतंच, तुमच्यापर्यंत येत नाही. १९९१ मध्ये सोनीने पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, २०१९ मध्ये या शोधासाठी तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण नोबेल त्या शोधाला मिळालं, प्रत्येक सेलला नाही. हजारातला एखादा बिघडलेला निघू शकतो. निघू दे की. तो बदलून द्या, एवढंच.

एक काळजी मात्र घेतली. बॅटरी काचेच्या टेबलावर ठेवून बोटाने हलवून बघितली. सपाट बसली. डुगडुगली असती, भोवऱ्यासारखी फिरली असती तर ती फुगलीये असं समजायचं. मग ती चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची नाही, कुरियरने पाठवायची नाही आणि घंटागाडीत तर मुळीच टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यायची.

आता पत्र. मी मेल लिहिला, अगदी बाबांच्या स्टाइलने. बिलाचा नंबर आणि तारीख. बॅटरीचा सिरियल नंबर. सहा चाचण्या, सहा ओळीत, व्हिडिओच्या लिंकसह. 'नो फॉल्ट फाउंड'च्या जॉब शीटचा फोटो. वॉरंटी कार्डातली ती बारीक अक्षरातली ओळ, जी मी प्रथमच वाचली: 'खोक्यातील बॅटरीस सहा महिने'. म्हणजे ॲक्सेसरीची पुडी सोडली होती तर! शेवटी एकच मागणी: बॅटरी बदलून द्या. एकही उद्गारचिन्ह नाही. (ती सगळी मी या कॉलमसाठी राखून ठेवली.)

पाठवायचा कुणाला? इथे कायदा आपल्या बाजूने आहे आणि आपल्याला पत्ता नसतो. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे प्रत्येक वेबसाइटला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात ती सोडवायची. हे पान साइटच्या अगदी तळाशी, 'लीगल'च्या बोळात लपलेलं असतं. चॅटमधला बॉट म्हणजे तो अधिकारी नव्हे!

पोच तीस तासांत आली. मग दहा दिवस शांतता. अकराव्या दिवशी लंच ब्रेकमध्ये राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन लावला. मराठीत बोलले. त्यांनी तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवली. तिथेही नसतं जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग होताच. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची. सेलमधल्या सात दिवसांनी सगळं संपतं असं कोण म्हणालं?

एकोणिसाव्या दिवशी कुरियरवाला एक छोटं पाकीट देऊन गेला. आत नवी बॅटरी. सोबत छापील चिठ्ठी, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत'. या वेळी खरं सांगते, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तेच वाक्य टाइप करताना हात जरा थबकला आणि मी ओहायोला उलट प्रश्न विचारला, "नेमकं काय करताना बंद पडतं ते सांगाल का?" दोन महिने लोंबकळलेलं तिकीट त्या दिवशी सुटलं.

ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या दिवशी बाबा वॉकर घेऊन हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये चालले. मी पुढे उलट्या पावलांनी, हातात कॅमेरा.

"चालू आहे ना तुझं यंत्र?"

"८७ टक्के."

"मग ठीक."

तळ्याकाठची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली नाही, मीही विचारली नाही. बॅटरी बदलून मिळते. "मग तो मला म्हणाला..."च्या पुढचं मला आठवतं, पण ते सांगताना बाबांचा चेहरा कसा झाला होता ते आता कुठेच नाही. त्याची वॉरंटी कुठलीच कंपनी देत नाही. म्हणून सांगते, नवी वस्तू आली की पहिल्या दोन दिवसांत तिला पिळून काढा. फुल चार्ज, सगळ्यात भारी सेटिंग, पार बंद पडेपर्यंत. पंख्याचं शूटिंग करा, मांजराचं करा, आईच्या फोडणीचं करा. महत्त्वाच्या दिवशी पहिली टेस्ट नको.

त्या पाकिटावरचं कुरियरचं स्टिकर बाबांनी घरी आल्यावर अलगद सोडवलं, बिलाला टाचणी लावली आणि फाइलीत घातलं. मिक्सरच्या बरोबर मागे.