७५ कोटी पाच जणांना, ३० लाख आपल्या पोट्ट्याला

आयपीएल २०२५ साठी प्रत्येक संघाला १२० कोटींची मर्यादा होती. हैदराबादनं त्यातले ७५ कोटी जुने पाच खेळाडू राखण्यातच घातले. एकट्या क्लासेनला २३ कोटी! मग बाकी संघ उरलेल्या पैशात भरायचा. त्यात आपल्या अकोल्याचा अथर्व तायडे ३० लाखांत गेला. रणजीत त्याच मोसमात विक्रमी ६९ बळी घेणारा विदर्भाचा हर्ष दुबेही बदली खेळाडू म्हणून ३० लाखांतच.

"भाऊ, ३० लाख काय कमी हायेत?" कमी नाहीत. पण मर्यादा फक्त वरून लावली की काटकसर खालच्यांच्याच वाट्याला येते. बीसीसीआयनं रणजीची कामगिरी पाहून बेस प्राइस वाढवावी. पोट्टे आमचे घडतात अन् त्यांचा भाव उरलेल्या चिल्लरीतून ठरतो, हे किती दिवस चालवायचं?