टाळी भाषेला की चित्रपटाला?

मराठी चित्रपटाविषयी बोलताना आपल्या सीमाभागातील घराघरांत एक अलिखित नियम पाळला जातो. चित्रपट मराठी आहे ना, मग त्याला नावे ठेवायची नाहीत. कचेरीत कन्नड, मुलांचा ओढा इंग्रजीकडे, करमणुकीला हिंदी. अशा स्थितीत उरलासुरला मराठी चित्रपट तरी डोक्यावर घ्यावा, असा त्यामागचा विचार. या विचारातील प्रेम आम्ही जाणतो. तरीही तो आम्हांस साफ अमान्य आहे. जोयडा तालुक्यातून मोठ्या पडद्यावर मराठी चित्रपट पाहायचा तर बहुधा खानापूरवरून बेळगाव गाठावे लागते, नाही तर अनमोडचा घाट उतरून गोव्यात जावे लागते. एवढी वाट तुडवून जाणाऱ्या प्रेक्षकाने परतताना आपले खरे मत गिळून टाकावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

सुरुवात सर्वांत नाजूक जागेपासून करू. २०१८ च्या 'फर्जंद'नंतर मराठी पडद्यावर शिवकालाची रांग लागली. एकट्या २०२२ मध्ये 'पावनखिंड', 'शेर शिवराज', 'सरसेनापती हंबीरराव' आणि 'हर हर महादेव' असे चार चित्रपट आले. शिवछत्रपती आमचे दैवत आहेत. पण देवाचे नाव घेतले म्हणून कीर्तन आपोआप रंगत नाही. या पटांत माणसे बोलण्यापेक्षा गर्जनाच अधिक करतात. संवाद टाळीसाठी थांबतो, तलवार संथ गतीने फिरते आणि शत्रू बहुतेक वेळा मूर्ख तरी असतो किंवा राक्षस तरी. शत्रू इतका क्षुद्र असेल, तर त्याला जिंकणाऱ्याचा मोठेपणा तो काय उरला? राजांची मुत्सद्देगिरी, महसुलाची व्यवस्था, गडावरच्या साध्या शिपायाच्या घरची चूल यांना त्यात फारशी जागा मिळत नाही.

वंदनीय पुरुषावर चित्रपट कसा काढावा, हे मराठीला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली आला आणि पुढल्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. दामले-फत्तेलाल या जोडीने विष्णुपंत पागनीसांच्या सौम्य तुकोबांसमोर गौरी यांची कष्टाळू, तोंडाळ आवली उभी केली. घरात दाणा नाही ही तिची तक्रार खरी आहे, आणि म्हणूनच तुकोबांचे वैराग्यही खरे वाटते. तेथे कोणी ओरडून संतपण सिद्ध करीत नाही.

चरित्रपटांचे दुखणे थोडे निराळे. सुबोध भावे यांनी २०११ मध्ये बालगंधर्व, २०१५ मध्ये लोकमान्य आणि २०१८ मध्ये काशिनाथ घाणेकर साकारले. त्यांची मेहनत वादातीत आहे. तथापि या तिघांत आम्हांस जिवंत वाटले ते घाणेकरच, कारण तेथे नायकाचा अहंकार आणि व्यसन झाकून ठेवलेले नाही. इतर बहुतेक चरित्रपट सत्कारसमारंभाच्या वळणाने जातात. शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि पडदा.

उलट विद्वान मंडळी ज्याला हलका म्हणून बाजूला सारतात, तो 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आम्ही या अनेक भव्य पटांच्या वर ठेवू. शहरात भाड्याची खोली मिळत नाही, ही त्यातील गरज खरी आहे. म्हणून बाईचे सोंगही पटते. पोटासाठी पुण्याला किंवा बंगळूरला गेलेल्या आपल्या मुलांना ती अडचण समजावून सांगावी लागत नाही. त्यातील लक्ष्मीकांत बेर्डे यांना आपण प्रेक्षकांनी एकाच साच्यात बसवले. पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेल्या 'एक होता विदूषक'मध्ये (१९९२) त्यांनी किती खोल काम केले आहे, हे पाहणारे आपल्यात किती निघतील? आणि सत्तेचा माज दाखवायला आवाज चढवावा लागत नाही, हे ज्यांना शिकायचे असेल त्यांनी 'सामना'मधील निळू फुले यांचा हिंदुराव पाहावा.

आता मुख्य तक्रार. आपल्या तालुक्याकडे पाहा. काळी नदीवरील सुपा धरणाखाली सुपा गाव बुडाले, तालुक्याचे मुख्य ठिकाण जोयड्याला हलले, उठवलेली कुटुंबे रामनगरला नव्याने बसली. २००७ मध्ये दांडेली-अणशीचे रान व्याघ्र प्रकल्प झाले आणि तेथे पिढ्यानपिढ्या राहिलेल्यांपुढे जावे की राहावे हा प्रश्न उभा ठाकला. याहून मोठे नाट्य कोणते? आपण ज्यांना डोक्यावर घेतो त्या मराठी चित्रपटांत हे कोठे आहे? जंगलातील माणूस मराठी पडद्याला अगदीच अपरिचित नाही. 'जैत रे जैत'मध्ये (१९७७) मोहन आगाशे यांचा नाग्या आणि स्मिता पाटील यांची चिंधी मधाच्या पोळ्यांमागे डोंगर चढतात. 'वळू'मध्ये (२००८) अतुल कुलकर्णी यांचा वनाधिकारी गावात बैल पकडायला येतो आणि गावच त्याला पुरे पडते. पण हे अपवाद राहिले. त्यांची परंपरा झाली नाही.

रान, देवस्थान, जमिनीचा जुना शब्द आणि वनखात्याची नवी हद्द यांचा झगडा ज्याने लोकप्रिय पडद्यावर आणला, तो २०२२ चा 'कांतारा' कन्नड आहे. त्यातही दोष आहेत. नायिका नावापुरती उरते, आणि शेवटी खात्याशी होणारा समेट आम्हांस सोयीचा वाटला. २०२५ मध्ये त्याचा पूर्वभाग आला, तोही राजेरजवाड्यांच्या काळात निघून गेला. तरीही पहिल्या चित्रपटाने रानातल्या माणसाच्या रागाला आवाज दिला, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

कन्नड चित्रपटाची स्तुती म्हणजे शरणागती, असे काही वाचक म्हणतील. आम्ही त्यांना आपल्याच जिल्ह्याची आठवण देतो. शिरसीत वाढलेले, कन्नडमध्ये लिहिणारे गिरीश कार्नाड १९८२ च्या 'उंबरठा'मध्ये स्मिता पाटील यांच्या पतीच्या भूमिकेत मराठीत उभे राहिले. त्याने कन्नडचे काही उणे झाले नाही. 'सैराट'वरून २०१७ मध्ये कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' निघाला, रिंकू राजगुरू हिलाच घेऊन. चांगली कथा सीमा ओलांडते; तिला कोणत्याही पक्षाचा परवाना लागत नाही.

आपल्या संस्थेच्या बैठकींत यापुढे मराठी चित्रपटांवर खुली चर्चा व्हावी, आणि वाईट चित्रपटाला वाईट म्हणणाऱ्या तरुणास भाषाद्रोही ठरवू नये, अशी आमची मागणी आहे. मुले मराठी चित्रपटापासून दूर जातात, ती त्यांना भाषा नको म्हणून नव्हे. नीरस चित्रपट कर्तव्य म्हणून पाहायला लावले जातात म्हणून. ती कन्नड आणि हिंदी चित्रपट पाहतात आणि तुलना करतात. त्या तुलनेत आपला चित्रपट टिकायचा असेल, तर त्याला आपल्या टाळीपेक्षा आपल्या परखड नजरेची अधिक गरज आहे. सुप्याच्या पाण्याखाली गेलेल्या गावाची कथा मराठीत सांगणारा कोणी निघाला, तर तोही या नजरेतून सुटणार नाही, आणि सुटू नये.